दुसरा डोळा

आबा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली तरी तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही. रोह्याच्या दवाखान्यात मी रक्त तपासायचं काम करते. आज लकव्याच्या एका पेशंटच्या मुलीला डॉक्टर समजावत होते. मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, तरी आजूबाजूच्या बारीक वाहिन्या वळसा घालून काही वेळ रक्त पोचवतात. कुणाच्या बराच वेळ तग धरतात, कुणाच्या लगेच हात टेकतात. कुणाच्या किती टिकतील ते रक्तातल्या खुणांवरून कळेल का, याचा शोध चालू आहे. तोवर पेशंटला लवकर आणणं, एवढंच आपल्या हातात. "आमचा काय चुकला?" ती मुलगी विचारत होती. मी हातात तिच्या बापाच्या रक्ताची नळी घेऊन उभी होते आणि मनात माझ्या बापाशी, तुमच्याशी, भांडत होते.

कारण तुमच्या वाहिन्यांनी तग धरला होता, आबा! हमरापूरच्या मूर्तींच्या कारखान्यात तुम्ही सकाळी डोळ्यांच्या आखणीला बसलात, गणपतीचा एक डोळा काढलात आणि ब्रश हातातून गळला. "काय नाय गो, मुंग्या आल्यात हाताला," म्हणालात, तेही जड जिभेने. हात मध्येच परत यायचा, पुन्हा गळायचा. "उठा, पेणला जाऊ," आई म्हणाली, तर तिच्यावरच खेकसलात, "देवाला एका डोळ्याचा ठेवून उठू व्हय मी?" आखणी अर्धी सोडायची नाही, ही आपली रीत. देव काय रुसणार होता? शेजारी बसलेल्या कुणीही काढला असता तो डोळा. पण नाही, नजर तुमच्याच हातची हवी! दुपारी पेणचे डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर पुढे पाठवून गुठळी विरघळवता आली असती. त्या बिचाऱ्या वाहिन्या सकाळभर तुमच्यासाठी राबल्या, आणि तुम्ही ती सकाळ एका डोळ्यापायी घालवलीत. चीड येते मला.

हे पत्र कुठे पाठवणार? माझ्या खणातच राहील. पण एवढं तोंड सोडलं, तर एक कबूल करते. आई दारात रिक्षा थांबवून हाका मारत होती आणि तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी बारावीत होते, मला कळत होतं. मी तुम्हाला उठवलं नाही. तुमच्या कोपराखाली हात धरला, आणि दुसरा डोळा आपण दोघांनी काढला. फार सुरेख आला होता.