नेमाचा डोळा: उजवा

२ जानेवारी
निर्णय झाला. मुंगी तिरंदाजी शिकणार. (मुंगी म्हणजे आमची कन्या, वय नऊ. शाळेतलं नाव वेगळं आहे, पण ते फक्त शाळेत चालतं.) क्लब शाळेमागच्या बॅडमिंटन हॉलमध्ये. दर रविवारी साडेआठ ते साडेदहा. मेव्हण्याची मुलगी पोहण्यात मेडलं आणते आणि तो दर वेळी फोटो पाठवतो, त्याचा या निर्णयाशी काडीचा संबंध नाही.

बायको म्हणाली, मुंगीला विचारलंस का? विचारणारच होतो. विचारलं. हो म्हणाली. ती आपल्याला कशालाच नाही म्हणत नाही. गुणी आहे.

४ जानेवारी, दुपारी, दुकानात
क्लबचा फॉर्म भरला. त्यात एक रकाना आहे: नेमाचा डोळा. खाली बारीक अक्षरात, क्लबमध्ये तपासला जाईल. हसूच आलं. वीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय आणि माझ्या मुलीचा डोळा क्लबवाले तपासणार. मेव्हणा दातांचा डॉक्टर आहे, तो आपल्या मुलीची दाढ दुसऱ्याला दाखवेल का?

तपासणी सोपी आहे. प्रत्येकाचा एक डोळा नेम धरण्यात पुढे असतो. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटी खिडकी करायची, त्यातून लांबचं अक्षर बघायचं आणि अक्षर न सोडता हात तोंडाकडे आणायचे. हात ज्या डोळ्यापाशी येतील तो नेमाचा. माझ्या दुकानात जागा कमी म्हणून अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या पाठीमागे आहे आणि गिऱ्हाईक तो समोरच्या आरशात वाचतं. मुंगीला आरशासमोर उभं केलं, मी मागे तक्त्यापाशी छडी घेऊन. हात छान डोळ्यापाशी आले. आरशात बघून लगेच ओळखलं: उजवा. ती लिहितेही उजव्या हाताने, म्हणजे शंकाच नको.

रकान्यात ठळक लिहिलं, उजवा. वर दुकानाचा शिक्का मारला. शिक्क्याशिवाय वजन येत नाही.

५ जानेवारी, रविवार
पहिला दिवस. बारा मुलं. शिकवणारे सर पंचविशीचे असतील. एरवी पोस्टात आहेत, टपाल वाटतात. मुलांना नियम सांगितले: दोन शिट्ट्या, रेषेवर या. एक शिट्टी, बाण सोडा. तीन शिट्ट्या, बाण आणायला जा. पालकांचा नियम एकच. मागच्या बाकावर गप्प बसायचं.

सर एकेका मुलाचा डोळा तपासायला लागले. मी बाकावरून सांगितलं, हिचा तपासलाय, फॉर्मवर शिक्का आहे. सर बरं म्हणाले. मग माझ्या धंद्याविषयी पाचेक मिनिटं बोललो. ते ऐकत होते असं वाटलं.

साडेनऊला निघालो, दहाला दुकान उघडायचं असतं. रविवारीच गर्दी असते. मुंगीला आणायला बायको गेली.

१२ जानेवारी, रविवार
मुंगीचे सहा बाण. सहाही डावीकडे. दोन तर शेजारच्या मुलाच्या टार्गेटमध्ये रुतले. तो पोरगा खूश, सर हसत होते. मी बाकावरून सुचवलं, जरा उजवीकडे. सरांनी मागे वळून बघितलं. मी पुन्हा सुचवलं. सरांनी बाकापाशी येऊन नियम पुन्हा समजावला.

धनुष्यात दोष असावा. मुलांना देतात ती हलकी धनुष्यं, डाव्या उजव्या कुठल्याही हाताने चालणारी. असल्या सर्वांना चालणाऱ्या वस्तू कुणालाच नीट बसत नाहीत. चष्म्याचंही तेच आहे.

संकल्प: बाकावर तोंड उघडायचं नाही.

१५ जानेवारी
मुंगीच्या दोन्ही हातांवर, कोपराच्या जरा खाली, लाल वळ. धनुष्याची दोरी सुटताना घासते म्हणे. पण दोरी घासणार धनुष्य धरलेल्या हाताला, म्हणजे डाव्या. मग उजव्यावर कसा? विचारलं तर म्हणाली, दार लागलं. वेंधळी आहे, आईवर गेली आहे.

१९ जानेवारी, रविवार
बारा बाण. टार्गेटवर एक, तोही काठावर. तोंड उघडलं नाही. फक्त खोकलो. सर म्हणाले, खोकला असेल तर बाहेर बसलात तरी चालेल.

घरी येताना... म्हणजे मी दुकानात आलो. घरी गेल्यावर मुंगीला म्हटलं, मन लावत नाहीस तू. ती बरं बाबा म्हणाली.

२३ जानेवारी, सकाळी ७
दाढी करताना डाव्या गालावर कापलं. आरशात बघितलं. रक्त आरशातही डावीकडेच.

साबण गालावर वाळेपर्यंत तसाच उभा होतो.

माणूस समोर बसला की त्याचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला येतो. वीस वर्षांची सवय, डोकं चालवावंच लागत नाही. डावीकडे दिसला की कार्डावर उजवा लिहायचं. पण मुंगी माझ्यासमोर नव्हती. मी तिच्या मागे होतो आणि बघत होतो आरशात. आरशात बाजू बदलत नाही. डावीकडे दिसला तो डावाच.

बायकोने बाहेरून विचारलं, किती वेळ? म्हटलं, कापलंय.

२३ जानेवारी, दुपारी
शांतपणे विचार केला. सरांना सांगणं एकदम सोपं आहे. एक वाक्य. डोळा डावा आहे, धनुष्य उजव्या हातात द्या. पण सर विचारणार, मग शिक्का? इथल्या अर्ध्या पोस्टाचे चष्मे माझ्याकडून जातात. टपालाबरोबर ही बातमी घरोघर पोचेल. स्वतःच्या पोरीचा डावा उजवा न कळणाऱ्याकडून चष्मा कोण करून घेईल?

शिवाय सवयीने उजवा डोळाही तयार होऊ शकतो. मी असं कुठेतरी वाचलंय. कुठे ते आठवलं की लिहीन.

रविवारी सांगायचंच.

२६ जानेवारी, रविवार
नाही सांगितलं. सर घाईत होते.

मुंगीच्या डाव्या डोळ्याला पट्टी बांधायला दिली. म्हटलं, याने एकाग्रता वाढते. तिने मुकाट बांधली. रेषेवर चाचपडत गेली. सरांनी पट्टी सोडवून तिच्या खिशात ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी बुटाची नाडी बांधत होतो. माझ्या बुटांना नाडी नाही.

३० जानेवारी
दुकानात लक्ष लागत नाही. एका बाईंना त्यांचा चष्मा देताना तीनदा विचारलं, नीट दिसतंय ना? त्या म्हणाल्या, मला दिसतंय, तुम्हाला काय झालंय?

मला लाज वाटते आहे. इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचणार.

२ फेब्रुवारी, रविवार
सरांनी जाहीर केलं, सोळा तारखेला पालकांसमोर मुलांचं प्रात्यक्षिक. प्रत्येकी सहा बाण. बायकोने मेव्हण्याला बोलावलं. आधी विचारायचं तरी.

सरांना सांगायला पुढे झालो होतो. ते म्हणाले, बोला. मी विचारलं, हॉलचे पंखे कोणत्या कंपनीचे? ते म्हणाले, बघून सांगतो.

९ फेब्रुवारी, रविवार
पुढच्या रविवारी प्रात्यक्षिक. आता सांगून उपयोग काय, सात दिवसांत हात बदलणार थोडाच. सोळानंतर निवांत सांगायचं. हे एकदा ठरवल्यावर बरं वाटलं. दुपारी जेवण गेलं.

१६ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी
लिहिणार नव्हतो.

हॉल भरला होता. मेव्हणा पहिल्या रांगेत, मोबाइल तयार ठेवून. मुंगीचा पाचवा नंबर. दोन शिट्ट्या, आली. एक शिट्टी. पहिला बाण डावीकडे, टार्गेटमागच्या जाळीत. दुसरा जाळीत. सहाच्या सहा जाळीत. टाळ्या वाजल्या. न लागलेल्या बाणांना लोक जास्त जोरात टाळ्या वाजवतात, ते फार वाईट.

मेव्हणा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, लहान आहे, येईल. मी म्हणालो, नाही रे, तिच्यात ते नाहीच. मी सगळं करून बघितलं, पट्टीसुद्धा आणली. तिचं लक्षच नसतं.

मुंगी मागेच उभी होती. हातात सहा बाण घेऊन.

गाडीत म्हणाली, सॉरी बाबा. मामासमोर व्हायला नको होतं.

मी म्हणालो, असू दे. असू दे म्हणालो मी. माफ केल्यासारखं. नऊ वर्षांच्या पोरीने माझी चूक पदरात घेऊन माझीच माफी मागितली आणि मी ती दिली. आत्ता लिहितानाही कान तापले आहेत.

१८ फेब्रुवारी
बायकोला सांगितलं. सगळं, दाढीपासून. ती कपड्यांच्या घड्या करत होती, करतच राहिली. म्हणाली, मग मुंगीला सांग. इतकंच. आश्चर्य कसं वाटलं नाही हिला?

रविवारी दुकान उशिरा उघडायचं. आधी सरांना सांगायचं, सगळ्यांच्या देखत. मग मुंगीची माफी. वाक्यं कार्डाच्या मागे लिहून पाठ केली.

२३ फेब्रुवारी, रविवार
साडेनऊला नेहमीसारखा निघालो. सगळ्यांच्या देखत जमलं नाही. सर घाईत होते असं लिहिणार होतो, पण ते घाईत नव्हते.

दुकानाचं कुलूप हातात घेतलं आणि परत फिरलो. हॉलपाशी पोचलो तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं. दाराची काच जाळीची आहे, आतलं दिसतं.

मुंगी रेषेवर होती. धनुष्य उजव्या हातात. चामड्याचा पट्टा उजव्या हातावर, जिथे वळ होता तिथे. डाव्या हाताने दोरी हनुवटीपर्यंत ओढली, थांबली, सोडली. पिवळ्यात, म्हणजे अगदी मधल्या गोलात. दुसरा लालमध्ये. तिसरा परत पिवळ्यात. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नेहमीचंच असावं. बाकावर माझी बायको, मुंगीचा स्वेटर मांडीवर घेऊन बसलेली.

मी दार ढकललं. मुंगीने वळून बघितलं आणि धनुष्य झटकन डाव्या हातात घेतलं.

पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. कार्ड खिशात होतं, तेही काढता आलं नाही.

सरांनी मला बाजूला नेऊन फाइलमधला फॉर्म दाखवला. माझा उजवा, त्यावर माझा शिक्का. शेजारी पेन्सिलने, बारीक: डावा. ५ जानेवारी. म्हणाले, त्या दिवशी तुम्ही गेल्यावर सहज तपासला. ती म्हणाली, बाबांना सांगू नका, त्यांचं दुकान याच कामाचं आहे. ते असेपर्यंत मी उजव्यानेच खेळेन. मग तुम्ही गेलात की आम्ही हात बदलायचो.

पाच जानेवारी. मला कळायच्या अठरा दिवस आधी.

मी मुंगीपाशी गेलो. म्हटलं, माझं चुकलं, डोळा डावा आहे. ती हळूच म्हणाली, मला माहितेय. मग म्हणाली, दुकानाला उशीर होईल ना बाबा.

मी म्हणालो, होऊ दे. धनुष्य परत उजव्या हातात घे, मला बघायचंय. तिने सरांकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग हात बदलला. सहा बाण सोडले. सहाही टार्गेटच्या बाहेर. म्हणाली, तुम्ही बघताय म्हणून होतंय.

मी दुकानात आलो.