तीन पायऱ्या आणि गिनीपिगांचा उतार

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी नापास, धंदा सोफे-खुर्च्यांना कापड चढवणे (आता बंद), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, खुब्याचे हाड तेवढे नाही. मला कोणी धाक घातलेला नाही. घातला तर मीच घालीन. शुद्धलेखन तपासून घेतलेले नाही.

१. बँकेत जे काही असेल ते सुनेला. चार वर्षे तिने माझे ताट दारात ठेवले आणि आत डोकावली नाही. पण जेवण गरम दिले, हे नाकारत नाही.

२. मोठी कात्री, दाभण, हातोडी आणि अंगुस्तान नातीला, वय एकोणीस. कात्रीने कागद कापायचा नाही.

३. थोरली आणि धाकटी ही गिनीपिगांची जोडी, दुमजली पिंजरा आणि त्यातला उतार यांसह, नातीलाच. पिंजरा मुलाने आणला होता, वर जायला तारेची उभी शिडी. थोरलीचा पंजा जाळीत अडकून नख उपटले. मुलगा म्हणाला, "आई, जनावर आहे ते. शिकेल हळूहळू." शिकली. वर जायचेच सोडले. खाली बसून वरच्या गवताकडे बघत राहायची. तशी बसणारी घरात मी एक पुरेशी होते, म्हणून उतार करायला घेतला.

पहिल्यांदा फळीवर रेक्झिन लावले, पुसायला बरे म्हणून. थोरली घसरत तळाला. मग टॉवेल लावला. त्याच्या धाग्यांच्या फासात नख अडकून पुन्हा रक्त. चूक माझी. "मांजर आहे ना घरी? मग फासांचे कापड नको," असे गिऱ्हाइकांना जन्मभर सांगणारी मी. शेवटी जुने लोकरी ब्लँकेट ताणून बसवले, टोके फळीखाली दुमडून, शिवण खालून. खिळा नाही, फोम नाही, कारण त्या कुरतडतात. दोन्ही कडांना चार बोटे उंच पट्ट्या, कारण बाजूला खोल दिसले की त्या पाऊल टाकत नाहीत. तिसऱ्या दिवशी थोरली वर जाऊन बसली. ब्लँकेटच्या अशा काढता-घालता येणाऱ्या खोळी दोन शिवल्या आहेत, आलटूनपालटून धुवाव्यात.

उताराची अक्कल मुलाकडूनच मिळाली. तो इमारतींचे नकाशे काढतो. एकदा दवाखान्याच्या ठेकेदारावर फोनवर ओरडत होता, "एक फूट उंचीला बारा फूट उतार! कमी चालणार नाही! म्हातारी माणसं येणार आहेत, कळतंय का?" मी शेजारच्या खोलीत होते. मला कळले. पिंजऱ्यात बारापट मावेना, तिप्पट ठेवली. त्यांना पाय चार आहेत.

४. घर माझ्या शिवणीच्या कमाईचे, माझ्या नावावर. पुढच्या दाराला तीन पायऱ्या, प्रत्येकी सात इंच. खुबा मोडल्यापासून मी त्या उतरलेले नाही. उतार मागितला तेव्हा मुलगा म्हणाला,

"आई, एकवीस फूट होतो तो. गाडी कुठे लावू मी?"

"रस्त्यावर लाव."

"रस्त्यावर ओरखडे पडतात गं!"

एकदा फोटो काढायला मला खुर्चीसकट दोघांनी उचलून खाली नेले. मागून मुलगा म्हणतो, "सांभाळून हं, भिंतीचा रंग जाईल."

तेव्हा अट अशी. मी गेल्यावर मला त्या दारातून उतारावरून, चाकांवर नेले, तर घर मुलाचे. पायऱ्यांवरून उचलून नेले, तर घर नातीचे, आणि गाडी कुठे लावायची ते बापाने तिला विचारावे. उतार पक्का, एकवीस फूट, कठडा दोन्ही बाजूंना, फरशी न घसरणारी. मोजणी नातीने करावी. वेळ मारून न्यायला फळी टाकली, तर ती पायरीच धरावी.

५. मेल्यावर बांधायला काढाल तर तोवर मी टिकणार नाही. म्हणून याची एक प्रत मुलाच्या हातात आजच दिली आहे. माझी तारीख मलाही ठाऊक नाही, तेव्हा गवंडी लवकर बोलवावा. माझ्या जिवंतपणीच उतार झाला, तर मी त्यावरून उतरेन, कोपऱ्यापर्यंत जाऊन येईन आणि कुणाचेही आभार मानणार नाही.

सही (अंगठा नव्हे).

साक्षीदार पहिले: शेजारचे घड्याळजी, सही.
साक्षीदार दुसऱ्या: थोरलीचे नख बघायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई, सही.
दोघांनी माझ्यासमोर आणि मी दोघांसमोर सही केली.

दिनांक ९ मार्च. ठिकाण: माझी खोली, खिडकीजवळ. हे नोंदणी कचेरीत जाऊन करायचे होते. तिथे चांगला ऐसपैस उतार आहे, नकाशा माझ्या मुलानेच काढला. तिथवर मला पोचता आले नाही.