गुरूने एकदा पाण्यात तोंड घालावे म्हणून

गुरू, चष्मा शोधत घरभर फिरू नकोस, कपाळावर आहे. तो खाली ओढ आणि मग हा कागद वाच.

मी, निंगव्वा चनबसप्पा हत्तुरे, राहणार जुळे सोलापूर, वय आधारकार्डाप्रमाणे चौऱ्याहत्तर, खरे ते देवाला ठाऊक, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दाबाखाली न येता हे मृत्युपत्र सांगते आहे. मला अक्षर येत नाही. शेजारच्या वकीलबाई दानेश्वरी मी बोलते तसे लिहून घेत आहेत. मध्येच हसतात, ते मात्र लिहीत नाहीत.

एक. शिलाई मशीन सून महेश्वरी हिला. मालकांच्या, म्हणजे गुरूच्या वडिलांच्या, दुकानातल्या चादरींचे काठ मी चाळीस वर्षे तिच्यावर दुमडले. महेश्वरी, मशीन हळू चालव. ती माझ्यासारखीच आहे, जोर केला की अडून बसते.

दोन. बँकेतली ठेव मुलगा गुरू व महेश्वरी यांना निम्मी निम्मी.

तीन. सोन्याच्या पाटल्या कपाटात शोधू नयेत, त्या मी विकल्या. नात भुवनेश्वरी हिच्या अंदमानातल्या, पर्यटकांना पाण्याखाली नेण्याच्या शिक्षणात त्या गेल्या. गुरू, ठरलेले लग्न मोडून पोरगी न विचारता गेली, म्हणून सहा वर्षे तू लेकीशी बोलत नाहीस. ती विचारून गेली. मला विचारून गेली. राग धरायचा तर माझ्यावर धर, पण आता मी कुठली सापडते!

चार. तीन वर्षांमागे मी भजनी मंडळाबरोबर बारा दिवस श्रीशैलला गेले होते, असे तुम्ही समजता. मी भुवीकडे गेले होते. तुला दिलेली विभूती आपल्या सिद्धेश्वराच्या देवळातली, रिक्षाने जाऊन आणलेली. ती लावून तुझी पाठ दुखायची थांबली, म्हणून मी गप्प बसले.

भुवीने मला शिडाच्या होडीतून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेले. वारा भरला की शीड वाळत घातलेल्या चादरीगत फडफडायचे. माहेरी मी विहिरीत पोहत होते. लग्न झाले आणि ते सुटले. त्यानंतर पाणी म्हणजे चार दिवसांआड येणारा नळ.

"अज्जी, साडी तरी बदल की," भुवी म्हणाली.

"इरकल काय विरघळत न्हाय. उतरव मला."

कवळी काढून तिच्या हातात दिली. गळ्यातले इष्टलिंग तिने तरंगायच्या जॅकेटच्या आत घट्ट बांधले. डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात नळी. ती हिरड्यांत धरवेना, म्हणून भुवीने हाताने धरून ठेवली.

पोवळे मी फक्त अंगठीत पाहिले होते. तिथे त्याचे रान होते. फांद्याच फांद्या आणि त्यांतून हळदीच्या रंगाचे मासे. एक हिरवा मासा पोवळे कुरतडत होता, त्याची कुरकुर पाण्यात ऐकू येते. आपल्या घरात मासा नावानेही येत नाही, मी मात्र त्यांच्या घरी जाऊन आले. परत वर यावेसेच वाटेना.

वर आल्यावर भुवी म्हणाली, "अज्जी, अप्पा कधी येतील का गं?" होडीतल्या पेटीत तिने तुझ्या रुंद तोंडाच्या मापाचा मुखवटा ठेवला आहे. पर्यटक मागतात, ती देत नाही.

रोज दुपारी पडले की ती कुरकुर ऐकू येते का बघते. पंखाच ऐकू येतो. गुडघे आता होडीत चढू देत नाहीत. लई वाटते, पण नाही.

पाच. सबब, राहते घर गुरूचे, अट एकच: माझ्यामागे एका वर्षाच्या आत त्याने स्वतः जावे आणि भुवीचा हात धरून पाण्यात तोंड घालावे. न गेल्यास घर भुवनेश्वरीचे. पोहता येत नाही हे कारण चालणार नाही, धरायला लेक आहे.

दानेश्वरी म्हणाल्या, "अज्जी, अशी अट कोर्टात टिकेल का, सांगता येत नाही."

"टिकायची काय गरज? माझा गुरू आईचा शब्द मोडायला कोर्टात जायचा न्हाय."

सहा. आपल्या रीतीप्रमाणे मला मातीत बसवताना तीच इरकल नेसवावी. खाऱ्या पाण्याने काठाचा रंग गेला आहे, राहू द्या.

सात. शेजारीण फुलाबाई "तुमची नात बुडाली म्हणा की" असे माझ्या तोंडावर बोलली होती. तिला मी माफ केलेले नाही. साक्षीला मुद्दाम तिलाच बोलावले, म्हणजे हे सगळे बसून ऐकावे लागले.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे, दोन ठिकाणी वकीलबाईंनी सभ्य केला.

निशाणी: निंगव्वा चनबसप्पा हत्तुरे, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार:
१. फुलाबाई धनाजी माने (सही, रागाने)
२. सिद्धनाथ ज्ञानबा वाघमोडे, औषध दुकानदार (सही)

ठिकाण: जुळे सोलापूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

अंगठा उठवल्यावर सांगितलेले: एवढे मात्र मी मरेपर्यंत दाबून ठेवू नये. वकीलबाईंनी आजच महेश्वरीला सांगावे. भुवीला शेंगापोळ्या पाठवा, पंचवीस, गूळ बेताने, सारण कडेपर्यंत. कडक भाकरी नको, तिकडच्या दमट हवेत ती चामड्यागत होते. पार्सलावर पाठवणाऱ्याच्या जागी गुरूचे नाव घाला. पोळी आईने लाटली ते तिला पहिल्या घासाला कळेल. खरेच बापाने पाठवली का, हे विचारायला तरी ती त्याला फोन करील.