राणीले जिंकू काऊन देत नाही?

प्रफुल्ल,

पुण्याहून येऊन तू बनवलेला गेम मले दाखवला. त्यात नवऱ्याचा महाल जाळणारी दुष्ट राणी होती.

"ताई, हे राणी तुझ्यावरूनच सुचली. अशा पात्रानं बायांले ताकद भेटते," तू म्हणला.

मी खेळून पाहिलं. दरवेळी शेवटी राणी मरते.

"तिले जिंकता येत नाही का?"

तू हसला. "व्हिलन आहे ना ते!"

सासरहून, सडक अर्जुनीहून मी नवऱ्यानं मोडलेला हात घेऊन माहेरी आली, तवा तूच म्हणला होता, "परत जाय, अॅडजस्ट कर." तवा माझी ताकद तुले काऊन नाही दिसली?

हे पत्र टाकलं तर तू लगेच तुझ्या जिजाजीले फोन करशील, म्हणून टाकत नाही. सोमवारी मी गोंदियाच्या कोर्टात घटस्फोट मागाले जाऊन राहिली. त्याले नोटीस भेटल्यावर तुलेही समजन.

तुझी ताई,
रश्मी