मळखाऊ पिवळा

४ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
आईची खोली रंगवायला काढली आहे. सोबत फिक्या पिवळ्याचे दोन कागद पाठवतोय, मागे एक आणि दोन असे आकडे घातलेत. मला दोन्ही सारखेच दिसतात, पण तिला न विचारता भिंतीला ब्रश लावला तर ती माझी बिनपाण्याने करील. बत्तीस वर्षं रंगाच्या दुकानात रंग कालवलेत तिने! भिंती वाळल्या की तिला न्यायला येतो. तीन महिने म्हणता म्हणता वर्ष झालं तिला तुझ्याकडे. तुलाही जरा मोकळीक मिळेल.
लोभ आहेच, तो राहू दे.
तुझा धाकटा

११ मार्च
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.
चार दिवस आई ते कागद घेऊन खिडकीशी बसली होती. सकाळच्या उजेडात बघायची, मग दिवा लावून बघायची. तुम्हा दोघांना डोळे दिलेत कशाला, म्हणाली. तिचा निकाल असा: एक नंबर साईचा पिवळा, आपण राहायच्या खोलीचा. दोन नंबरात चिमूटभर काळा आहे, तो मळखाऊ. दुकानात घरमालक आले की ती हाच द्यायची. भाडेकरू कितीही बदलले तरी भिंतीवर हातांचे डाग दिसत नाहीत.
तेव्हा एक नंबरच लाव. तिने बॅग भरून दाराशी ठेवली आहे, येता-जाता मला ठेच लागते. लवकर ये बाबा.
लोभ आणि घाई दोन्ही असावी.
तुझी ताई

१९ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
दोन नंबर लावला. खोली एका जोडप्याला भाड्याने दिली आहे. त्यांची मुलं लहान आहेत, भिंती खराब करतील. आईचा सल्ला कामी आला. ती तुझ्याकडे रमली आहेच ना? इतक्यात तिला काही बोलू नकोस. रंग ओला आहे म्हण.
राग नसावा.
धाकटा

२६ मार्च
धाकट्यास,
आशीर्वाद आज लिहिलेले नाहीत, शोधू नकोस.
रंग ओला आहे असं मी आईला सांगितलं. रंग चार तासांत वाळतो, मला शिकवतेस का, म्हणाली. मग एवढंच विचारलं, कोणता लावला. मला खोटं सुचलं नाही. दोन नंबर, म्हटलं.
तिने बॅग उघडली आणि माझ्या कपाटातला खालचा कप्पा मागून घेतला. मला तुझी लाज वाटली, आणि ते पत्र वाचूनही चार दिवस गप्प बसले म्हणून माझीही.
तुला तिचा निरोप आहे: रंग बरोबर निवडलास, त्यावर काही दिसत नाही.
ताई