योनाच्या माशानंतर

रवि., २८ जुलै
काल कल्याणला शिबिर. धर्मशिक्षणाच्या सगळ्या टीचर बोलावलेल्या. शिकवायला आमच्या डोंबिवलीच्या चर्चचेच धाकटे फादर (यापुढे धा. फा.). नुकतेच बाहेरून शिकून आलेत. म्हणाले, बायबल हे एक पुस्तक नाही, पुस्तकांचं कपाट आहे. त्यात इतिहास आहे, गाणी आहेत, गोष्टी आहेत. योनाला मोठ्या माशाने गिळलं आणि तीन दिवसांनी किनाऱ्यावर ओकून टाकलं, ही गोष्ट. घडलेली नव्हे, रचलेली. "पण खोटी नाही हं," असंही म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या, लिहून घेतलं. मी हात वर केला. मग मुलांना काय सांगायचं?
"वयानुसार."
माझं वय चोपन्न. मला का नाही सांगितलं कुणी? इतकी वर्षं दर पावसाळ्यात मी तो मासा फळ्यावर काढतेय. शेपटीसकट.

आज वर्गात नेमका योनाच. रिया, पहिल्या बाकावरची, तेराची असेल. "टीचर, हे खरंच झालेलं की स्टोरी आहे? हो की नाही, तेवढंच सांगा."
सांगितलं. गोष्ट आहे. आपल्याला ज्यांचा राग येतो त्यांच्यावरही देव दया करतो, हे कळावं म्हणून रचलेली.
कुणी दचकलं नाही. मागची दोघं म्हणाली, वाटलंच. मला हलकं वाटलं. मग रिया: "मग येशू मेल्यावर उठला, ते?"
तेवढ्यात चर्चमध्ये मिस्साची घंटा झाली, प्रार्थनेला जायची वेळ. ते वेगळं, पुढच्या रविवारी बोलू, म्हणाले आणि वही घेऊन बाहेर. पळालेच म्हणायचं.

सोम., २९ जुलै
रियाच्या वडिलांचा चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हॉइस मेसेज. मुलीला विश्वास शिकायला पाठवतो, मोडायला नाही. खाली अंगठे, जोडलेले हात. कुणीतरी लिहिलं, सिसिलियाचा नवरा हिंदू आहे ना. त्यालाही अंगठे.
लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. मिलिंद एकदाही म्हणाला नाही की चर्चला जाऊ नको. आणि हे.
दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसून दिवसभर चुकीच्या पेशंटना चुकीच्या वेळा दिल्या. डॉक्टर म्हणाले, मॅडम, दात तुमचा दुखतोय का?

बुध., ३१ जुलै
मोठ्या फादरांनी ऑफिसात बोलावलं. शेजारी धा. फा. बसलेले.
"सिसिलिया, तू मुलांना सांगितलंस बायबल खोटं आहे?"
"योना गोष्ट आहे म्हटलं, फादर. शिबिरात सांगितलं तेच."
मोठे फादर धा. फां.कडे वळले. मी पण. आता बोलतील. बोलले.
"मी संदर्भासहित सांगितलं होतं."
बस्स. पुढे टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसले.
काही दिवस वर्ग नॅन्सी टीचर घेईल. "तू आराम कर." मी दमले होते असं कुणाला वाटलं?

रवि., ४ ऑगस्ट
मिस्साला लवकर जाऊन मागे बसले. शेजारची बाई सरकली. कदाचित पंख्याखाली जायला. आता प्रत्येक गोष्टीत तेच दिसतंय, हाही एक वैताग.
वरच्या मजल्यावरून नॅन्सीच्या वर्गाचा आवाज. योना संपवून ती पुढच्या धड्यावर गेलेली. मासा खरा की खोटा, कुणी विचारलं असेल का? विचारलं तर नॅन्सी काय म्हणाली असेल? तीही शिबिरात होती. माझ्या शेजारी. तिनेही लिहून घेतलेलं.

गुरु., १५ ऑगस्ट
सकाळी मरियामातेचा सण, मिस्सा. संध्याकाळी सोसायटीचा सत्यनारायण. मिलिंद दरवर्षीसारखा पूजेला, मी प्रसाद वाटायला.
वर आल्यावर म्हणाला, "अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस? मिथक आहे. मिथक म्हणून वाच. छान असतात मिथकं."
छान! मी म्हटलं, "मग आत्ता खाली ऐकून आलास ते? साधुवाण्याच्या होडीतल्या धनाची पानं झाली, ते?"
"ते वेगळं."
"कसं वेगळं?"
"आता माझी आई असती तर तिच्यासमोर बोलली असतीस का हे?"
नसते बोलले. प्रसादाचा शिरा दोघांनी न बोलता संपवला.
'ते वेगळं.' मी रियाला हेच म्हणाले होते ना.

रवि., १८ ऑगस्ट
ठाण्याला, आईकडे. गावठाणात बातमी माझ्या आधी पोचलेली. मला वाटलं रडेल, नाहीतर बोलायचीच नाही. ती पडवीत लसूण सोलत बसलेली.
"मासा नसल तं नसल. माझा बाबा खाडीवरशी येऊन काय काय सांगाचा. आमी आयकाचो. कोन मोजाला जातंय?"
मी हसले. किती दिवसांनी. मग तिने लसूण बाजूला ठेवला.
"पन बाय, थडगा रिकामा होता ना? त्यो उठला का नाय, तवढा सांग."
म्हटलं, आई, ते वेगळं...
"कसा येगला? त्याच पुस्तकान हाय ना? कंचा खरा, कंचा गोष्ट, मना येगला काडून दे. माशाचा काटा काडतंव तसा. म्हंजे मी बाकीचा खाईन."
पप्पांना जाऊन चार वर्षं झाली. उठून भेटतील या भरवशावर ती रोज त्यांच्या फोटोशी बोलते. मला माहीत होतं ती काय विचारतेय. लसूण सोलायला घेतला.

बुध., २१ ऑगस्ट
वहिनीचा फोन. आईने संध्याकाळी रोझरीची माळ जपणं बंद केलंय. भांडण नाही, राग नाही. नुसती बसून राहते. वहिनी विचारते, "ताई, तुम्ही काय बोललात त्यांना?"
काहीच नाही बोलले. तेच तर.
हे मी मागितलं नव्हतं. मला फक्त एकदा मुलांसमोर खोटं बोलायचं नव्हतं. एकदाच.

गुरु., २२ ऑगस्ट
दवाखान्यातून सरळ धा. फां.कडे. म्हटलं, "माझ्या आईला काय सांगायचं ते तुम्ही येऊन सांगा. वयानुसार. ब्याऐंशी आहे."
ते म्हणाले, टीचर, असं घाईघाईत बोलायचे विषय नाहीत हे. मी म्हटलं, शिबिरात अर्ध्या तासात उरकलात की.
आवाज चढला माझा. बाहेर मेणबत्त्या विकणारी बाई वाकून बघत होती. बघू दे.
शनिवारी येतो म्हणाले.

शनि., २४ ऑगस्ट
आले. खरंच आले. रिक्षा शोधत, घामाघूम.
आई नवी साडी नेसलेली. चहा, केक. पुस्तकांच्या कपाटाचं वगैरे काही बोलू दिलं नाही तिने. सरळ विचारलं. "फादर, येशू उठला का नाय?"
"हो, आई. उठला."
एक शब्द इकडे नाही, तिकडे नाही. संदर्भ नाही. आईने मान हलवली, केकचा अजून एक तुकडा त्यांच्या बशीत टाकला.
नाक्यापर्यंत सोडायला गेले. विचारलंच. "हे तुम्ही मानता म्हणून म्हणालात, की म्हातारीला बरं वाटावं म्हणून?"
"मानतो."
"योनासारखं? की खरं खरं?"
त्यांनी रुमालाने मान पुसली. मग म्हणाले, "मानतो, टीचर. पण तुमच्यासारखं कुणी असं समोर उभं राहून विचारलं की माझी जीभ जड होते." आणि थोड्या वेळाने, "योनाचं मी अजून माझ्या आईला सांगितलेलं नाही. वसईला असते. तिच्या देव्हाऱ्याशेजारी त्या माशाचं चित्र आहे."
इतके दिवस या माणसावर दातओठ खात होते. आता धड रागावताही येईना. याचाही राग आला. ऑफिसात का गप्प बसलात, हे विचारायचं राहूनच गेलं. रिक्षा आली.

मंगळ., २७ ऑगस्ट
मोठ्या फादरांचा निरोप. परत वर्ग घ्यायला ये, पण पुस्तकात आहे तेवढंच, प्रश्न फादरांकडे पाठवायचे. मिलिंद म्हणाला, जा ना, तुला आवडतं. आवडतंच. म्हणून तर.
उत्तर दिलं नाही अजून.

रवि., १ सप्टेंबर
ठाणे. वहिनी म्हणाली, रोझरी अजून नाहीच.
मी म्हटलं, "आई, फादरांनी सांगितलं ना हो म्हणून?"
"सांगला. पन सांगताना त्यो तुझ्याकडं बघत होता. माझ्याकडं नाय."
मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना एवढं दिसलं.
मग उठून आतून बायबल आणलं. माझ्या मांडीवर ठेवलं. "तू वाच. थडग्याचा वाच. जथं तुना खोटा वाटंल तथं थांब. मी काय बोलनार नाय."
नको म्हटलं. ती बसूनच राहिली, हात मांडीवर. वहिनी भांडी घासायची थांबली.
वाचलं. पहाटे बायका थडग्याकडे जातात. धोंड कोण सरकवणार, हे आपसात बोलत. धोंड सरकलेली असते. आत तो नसतो. त्या घाबरतात, पळतात. मी वाचत गेले. आई पुस्तकाकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. धडा संपला. मी कुठेच थांबले नाही.
बाहेर कुणाच्या तरी दारावरून मोदकपात्र विकणारा ओरडत गेला.
"थांबली नाय तू," आई म्हणाली.
"नाही."
"माझ्यासाठी?"
मी पान उलटलं. मग परत मागे आणलं. खरंच माहीत नाही. त्या बायका धोंडीबद्दल बोलत चालल्या होत्या तिथे मी विसरलेच होते की मला थांबायचं असेल तर थांबता येईल. तसं सांगितलं तिला. जसं आहे तसं.
तिने रोझरी काढली नाही. पण म्हणाली, "परत वाच. हलू वाच. बायका येतान तथशी."