डब्यात नसलेले पैसे

मंगळवार, १४ तारीख

ताई,

नमस्कार. साष्टांग घालायला गुडघे राहिले नाहीत, तेव्हा हा उभ्यानेच समज. आम्ही सगळे ठीक आहोत. ह्यांचा खोकला एकदाचा गेला. रुग्णालयाच्या धुलाईघरात नवं यंत्र आलंय, पण चादरींना इस्त्री अजून मीच करते.

तुझ्या तिन्ही पत्रांत एकच प्रश्न होता, "डबा नीट आहे ना?" आणि मी दर वेळी ह्यांच्या खोकल्यावर पानभर लिहिलं. आता खोकलाच संपला, तेव्हा सांगणं भाग आहे. डबा नीट आहे. त्यात तुझे पैसे नाहीत.

आधी खाली बस. पैसे सुखरूप आहेत, तुझ्या खोलीचं डिपॉझिट कुठे जात नाही. ते आमच्या कामगारांच्या पतपेढीत आहेत, तुझ्याच नावावर. मागच्या खेपेला गॅसच्या जोडणीसाठी म्हणून मी तुझा फोटो नि सह्या घेतल्या होत्या ना? तो गॅस नव्हता.

तू बजावलं होतंस, कुणाच्या हाती देऊ नकोस. तो सायकलवाला रोज दारात येऊन बाबांचे पैसे गोळा करायचा आणि एक दिवस सायकलसकट गायब झाला, हे मीही विसरलेले नाही. मलासुद्धा पतपेढीचा फारसा भरवसा नव्हता.

म्हणूनच गेल्या सोमवारी कामावर जाताना पाहिलं, की दोन हमाल पतपेढीचं कपाट जिन्यावरून उतरवताहेत, तेव्हा वाटलं, हेही पळाले. मी फक्त एकीला सांगितलं, इस्त्रीच्या टेबलापाशी. दुपारपर्यंत जिन्यावर सत्तर माणसं. अफवा कुणी उठवली, असं जो तो विचारत होता. मीही विचारत होते.

कॅशियरबाई एकेकाला पैसे देत होत्या. "मोजून घ्या," एवढंच बोलायच्या. चार वाजता माझा नंबर लागला. त्यांनी पासबुक उघडलं.

"हे तुमचं खातं नाही."

"बहिणीचं आहे. पैसे मीच भरलेत."

"मग त्यांना घेऊन या. सही त्यांची लागेल."

"अहो, सख्खी बहीण आहे माझी."

"सख्ख्यांसाठीच तर हा नियम आहे."

मी नको नको ते बोलले, पार त्यांच्या आईवडिलांपर्यंत पोचले. त्यांनी मला पाणी दिलं आणि पुढच्याला बोलावलं. खाली उतरले तर ते कपाट तळमजल्याच्या खोलीत लागत होतं. म्हाताऱ्या सभासदांना जिना चढवत नाही म्हणून ऑफिस खाली आणत होते. तशी पाटी आठवडाभर दारावर होती म्हणे. आपण कुठे पाट्या वाचतो.

तिथेच पायरीवर बसले आणि रडू आलं. किती हलकं वाटलं, कसं सांगू. आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. गेल्या वर्षी मी तुझ्या डब्याला हात घातला होता. एकदा ह्यांची हातगाडी मोडली तेव्हा, आणि एकदा उगाच, एका साडीसाठी. दोन्ही वेळा भरून टाकले, पण तिसऱ्यांदा झाकण उघडलं तेव्हा माझी मलाच भीती वाटली. पतपेढीपेक्षा माझा भरवसा कमी निघाला, ताई. आणि त्या दिवशी मी एवढी भांडले तरी त्या बाई बधल्या नाहीत. बाबांच्या पैशांपाशी असं कुणी बसलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन अफवा माझीच होती हे कबूल केलं. "कळलं होतं," त्या म्हणाल्या, "सगळ्यांत मोठ्याने तुम्हीच विचारत होतात." तोवर निम्मे लोक पैसे परत भरायला रांगेत उभे होते.

पासबुक सोबत पाठवते आहे. शिव्या घालायच्या त्या समोर येऊन घाल, मी मान खाली घालून ऐकेन. पण ये, आणि तुझे पैसे तुझ्या हाताने काढ.

जिला त्यातला एक पैसाही मिळाला नाही, ती तुझी

धाकटी